मांजराशी मैत्री

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी मांजर आहे का? असेल, तर हा अनुभव तुम्हांला आला असेल. तुम्ही शाळेतून घरी येता. अम्मीच्या पायाशी मांजर शांत बसलेले असते. तुम्ही त्याला प्रेमाने उचलायला जाता आणि ते पळून पलंगाखाली लपते. तुम्हांला वाईट वाटते. 'याला माझी मायाच नाही,' असे तुम्ही म्हणता. पण मित्रांनो, ती माया नसणे नव्हे, ती भीती असते.

आपल्या शहरातील पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. तेथे पूर्वी पाण्याच्या जोरावर धान्य दळले जाई. जेथे धान्य, तेथे उंदीर आणि जेथे उंदीर, तेथे मांजर! हजारो वर्षांपूर्वी माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. तेव्हा उंदरांच्या मागे रानमांजरे वस्तीजवळ आली, असे शास्त्रज्ञ मानतात. कुत्र्याचे पूर्वज कळपात राहत. मांजराचे पूर्वज मात्र एकटे राहत आणि एकटेच शिकार करत. म्हणून मांजराला कोणी अचानक धरलेले आवडत नाही.

आणखी एक कारण आहे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसांची सवय लागते. त्या वयात माणसाचा हात अंगावरून फिरला नाही, तर ते मोठेपणीही बुजरे राहते. यात त्याचा काय दोष?

मग मैत्री कशी करावी? प्रथम त्याचा पाठलाग थांबवा. त्याच्यापासून थोडे दूर जमिनीवर बसा आणि आपला अभ्यास करा. त्याला आपणहून जवळ येऊ द्या. रोज ठरलेल्या वेळी तुम्हीच त्याला खाऊ घाला. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही. स्वच्छ पाणी ठेवा. दोरीला कागद बांधून त्याच्यापुढे हलवा. शिकारीचा हा खेळ त्याला फार आवडतो. खेळ संपला, की दोरी उचलून ठेवा.

'मांजर डोळे मिटून दूध पिते,' अशी मराठीत म्हण आहे. पण मांजर आणखी एका वेळी डोळे मिटते. मन निश्चिंत असले, की ते तुमच्याकडे पाहून हळूच पापण्या मिटते. तुम्हीही तसेच करा. अशा वेळी मांजर अधिक सहज जवळ येते, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना 2020 साली दिसून आले.

मांजर जवळ आले, की आधी बोट पुढे करा. त्याला वास घेऊ द्या. मग हनुवटीखाली हळूच खाजवा. पोटाला हात लावू नका. त्याने शेपटी आपटली किंवा कान मागे पाडले, तर हात लगेच काढून घ्या.

एवढे करूनही मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर ते घरात लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी मोठ्या माणसांबरोबर दवाखान्यात जा. रेबीज हा जीवघेणा रोग मांजरामुळेही होऊ शकतो. परंतु वेळेवर लस घेतल्यास तो टळतो.

काही मांजरे आठवड्यात जवळ येतात, काहींना महिने लागतात. काही कधीच मांडीवर बसत नाहीत, फक्त शेजारी येऊन बसतात. तेही मैत्रीचेच लक्षण आहे. मैत्री जबरदस्तीने होत नाही; ती धीराने मिळवावी लागते. माणसांच्या बाबतीतही हे तितकेच खरे नाही का?