दुरून डोंगर साजरे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे गेलो, तेव्हा घरात नेहमीची वर्दळ नव्हती. फराळाचे डबे भरलेले होते, दारात आकाशकंदील होता. पण मामा-मामी एकमेकांशी जेवढ्यास तेवढेच बोलत होते. कारण मागाहून कळले. पुण्यातील एका मोठ्या हॉटेलात भरलेल्या गृहप्रदर्शनात मामांनी दुबईतील एका नियोजित इमारतीत फ्लॅट नोंदवला होता. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या फंडातले पाच लाख रुपये त्यांनी दलालाच्या स्वतःच्या खात्यात भरले होते. पावती होती, गुळगुळीत कागदावरची माहितीपुस्तिका होती. फ्लॅट मात्र नव्हता. दलालाचा फोन बंद झाला होता आणि त्या नावाच्या प्रकल्पाची दुबईच्या सरकारी दप्तरात नोंदच नव्हती.

माझे मामा भोळे मुळीच नाहीत. गावाकडे जमीन घेताना त्यांनी सात-बारा पाहिला, जुने फेरफार तपासले, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतला, मोजणी करून हद्दीचे दगड रोवले आणि मगच इसाराची रक्कम दिली. मग याच माणसाने हॉटेलातील तासाभराच्या गोडगोड बोलण्यावर सही कशी केली? मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “अरे, तिकडच्या कागदपत्रांतलं आपल्याला काय कळणार?” मित्रहो, लबाड विक्रेत्याचे खरे भांडवल हा समजच आहे. सात-बारा तिकडेही असतो. फक्त त्याचे नाव वेगळे आणि तो मागावा लागतो.

दुबईपुरते सांगायचे तर तेथील भूमी विभाग १९६० पासून अस्तित्वात आहे. २००६ च्या कायदा क्रमांक ७ नुसार परदेशी माणसाला नेमून दिलेल्या भागांतच घर घेता येते. त्या भागांतही काही जागा पूर्ण मालकीच्या असतात, तर काही जास्तीत जास्त ९९ वर्षांच्या पट्ट्याच्या. म्हणून पहिला प्रश्न हा की, दाखवलेली जागा कोठे आहे आणि हक्क कोणता मिळणार आहे?

दुसरा प्रश्न पैशाचा. बांधकाम पुरे होण्याआधी विकल्या जाणाऱ्या घरांसाठी २००७ च्या कायदा क्रमांक ८ ने प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र एस्क्रो खाते सक्तीचे केले. ग्राहकांचे पैसे त्या खात्यात जमा होतात आणि केवळ त्याच इमारतीच्या कामासाठी बाहेर पडतात. इमारत उभी राहिल्यावरही पाच टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवली जाते. अशी सोय असताना जो दलाल “तूर्त माझ्या खात्यात भरा” म्हणतो, त्याला तेथूनच नमस्कार करावा.

तिसरा प्रश्न नोंदीचा. २००८ च्या कायदा क्रमांक १३ नुसार अपुऱ्या इमारतीतील घराची विक्री प्राथमिक नोंदवहीत चढली नाही, तर ती रद्दबातल ठरते. नोंदणीसाठी किमतीच्या चार टक्के शुल्क पडते. ते वाचवण्याची युक्ती सांगणारा माणूस आपला हितचिंतक नव्हे. तयार घर घेत असाल, तर मालकीपत्रावरील नाव आणि विक्रेत्याच्या पासपोर्टावरील नाव एकच आहे ना, हे पाहावे. मालकीपत्र खरे आहे की नाही आणि दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे भूमी विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ या मोबाइलवरील सेवेतून घरबसल्या पडताळता येते. विक्रेत्याने सुचवलेला वकील मात्र घेऊ नये. आपला वकील आपणच शोधावा.

एवढे करूनही धोका उरतोच. २००८ च्या जागतिक मंदीत तेथील अनेक प्रकल्प रखडले. शिवाय आमिषेही असतात. मामांना छोट्या फ्लॅटवर ‘गोल्डन व्हिसा’ मिळेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात घराच्या आधारे तो मिळण्यासाठी किमान वीस लाख दिरहमची मालमत्ता लागते, आणि मामांच्या फ्लॅटची किंमत त्याच्या निम्मीही नव्हती.

आपल्या बाजूचे नियमही विसरून चालणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, तीही अधिकृत बँकेमार्फतच. हवाल्याने पाठवलेला पैसा १९९९ च्या ‘फेमा’ कायद्याचा भंग ठरतो. आणि फसवणूक झाली, तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही. परदेशातील मालमत्ता आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते, ते वेगळेच.

मामांनी पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अद्याप आलेले नाहीत. मी निघालो त्या दिवशी मामी देवापुढे दिवा लावत होत्या. मागे वळून न पाहताच त्या म्हणाल्या, “अहो, निदान सात-बारा तरी मागायचा होतात.” मामा काही बोलले नाहीत. मला वाटते, परदेशात घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य खिशात जपून ठेवावे. चेकबुकाच्या वरच्याच बाजूला.