गाडीलाही हवा तेलाचा हात

पावसाळा तोंडावर आला की आपली कोण तारांबळ उडते! छत्र्या दुरुस्तीला जातात, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले जातात, धान्याला ऊन दाखवून होतं. दारातल्या स्कूटरकडे किंवा मोटारसायकलकडे मात्र बघायला कुणाला सवड नसते. ‘ते ह्यांचं खातं,’ म्हणून आपण मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, मुलांना शाळेत सोडायला आणि मंडईत जायला ती गाडी आताशा आपणच काढतो ना? ब्रेकची तार गंजून ऐन वेळी अडकली, तर मागे बसलेलं लेकरू आपलंच असतं.

आणि यात अवघड असं काही नाही. बिडाचा तवा घासला की आपण तो लगेच पुसतो, तेलाचा हात फिरवतो, मगच ठेवतो. गाडीचंही तेवढंच करायचं.

शाळेत गंजाचा धडा शिकवताना मी तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवते. एकीत साधं पाणी. दुसरीत उकळून हवा काढलेलं पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत ओलावा शोषणारं कॅल्शियम क्लोराइड घालून कोरडी केलेली हवा. चार-पाच दिवसांनी तांबडा होतो तो पहिलाच खिळा. म्हणजे पाणी आणि हवा दोन्ही एकत्र मिळाली, तरच लोखंड गंजतं. त्यात मीठ मिसळलं की हे काम फार झपाट्याने होतं. म्हणूनच लोणच्यात आपण लोखंडी पळी ठेवत नाही. सोलापूरला वर्षाचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आत, तर रत्नागिरीला ३,००० च्याही वर. शिवाय समुद्राचा खारा वारा. कोकणातल्या भगिनींनी दुप्पट जपायला हवं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते पाहू.

गंज धरतो तो पाणी साचून राहतं तिथे. मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटलेला चिखल दिवसेंदिवस ओला राहतो. तो आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवावा. स्टँडचा सांधा, सीटखालची जागा, नटबोल्टच्या खाचा जुन्या सुती कपड्याने कोरड्या कराव्यात. समुद्रकिनारी गाडी नेली असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. बॅटरीवरची स्कूटर असेल, तर चार्जिंगच्या जागेवर पाण्याची धार धरू नये.

ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर कधीही घालू नका. आतली वाफ आतच कोंडते. गाडी सुकू द्यावी आणि कव्हर असं घालावं की खालून वारा खेळेल.

मोटारसायकलची साखळी रॉकेलने किंवा दुकानात मिळणाऱ्या चेन क्लीनरने भिजवलेल्या फडक्याने पुसून, कोरडी करून तेल द्यावं. त्या वेळी इंजिन बंद हवं. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हातानेच फिरवावं. चालू गाडीच्या साखळीत फडक्याबरोबर बोटंही ओढली जातात. तेलाचा थेंबही ब्रेकवर किंवा टायरवर पडता कामा नये.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि आतून गंज धरतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, तेही ओलावा ओढून घेतं.

रंगाला फुगवटा दिसला, तर तो साधा समजू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग उचलला जातो. तिथलं पोपडं काढून, स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत काचपेपरने घासावं. कोरडं पुसून रेडऑक्साइडचा हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर रंग लावावा. गंजावरच रंग फासला, तर आत पोखरणं चालूच राहतं. काहीजणी लिंबू-मीठ चोळतात. त्याने डाग निघतो खरा, पण फटीत राहिलेलं मीठ पुढे घात करतं.

ब्रेकचा दांडा जड लागू लागला, दाबल्यावर तो परत यायला वेळ लागला किंवा तारेचे धागे तुटलेले दिसले, तर मात्र घरगुती उपाय नकोत. त्याच दिवशी मेकॅनिककडे जाऊन तार बदलून घ्या. नव्या तारेला फारसे पैसे पडत नाहीत.

रविवारी अर्धा तास काढा, मुलांनाही हाताशी घ्या. त्यांना गंजाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.