हेलसिंकीचा हिवाळा आणि ‘ड’ जीवनसत्त्व

नोकरीसाठी फिनलंडला निघालेला मराठी तरुण आधी जाड कोट घेतो. थंडीवर कपड्यांचा उपाय आहे. खरी काळजी करावी ती अंधाराची. हेलसिंकी 60 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा, आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सात अंशही वर येत नाही. इतक्या तिरप्या किरणांना वातावरणातून फार लांबचा प्रवास करावा लागतो. वाटेतला ओझोन अतिनील-ब किरण जवळपास सगळे शोषून घेतो, आणि त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते ते नेमके याच किरणांमुळे. म्हणून साधारण ऑक्टोबर ते मार्च ऊन अंगावर घेतले, तरी ते जवळजवळ बनतच नाही. त्यात आपल्या सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे किरण अडवते. उन्हाळ्यातही आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ ऊन लागते.

फिनलंडमध्ये 2003 पासून दुधात हे जीवनसत्त्व मिसळले जाते. फार शहाणा निर्णय! सॅल्मनसारखे तेलकट मासे खाणाऱ्यांना आणखी आधार मिळतो. शाकाहाऱ्यांनी अधिक जपावे. निघण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्या आणि गोळीचे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.