विश्लेषण : ट्रेलरवरचा स्मोकर कोल्हापुरात बनेल, पण रस्त्यावर धावेल का?

लोखंडाचे आडवे पिंप, एका टोकाला जाळाची चौकोनी पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडे आणि खाली दोन चाके. अमेरिकेतल्या बार्बेक्यूच्या व्हिडीओंत दिसणाऱ्या या यंत्राचा फोटो कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेटरला दाखवला, तर तो फारसा गोंधळणार नाही. पत्रा गोल वळवणे, चॅनेलचा सांगाडा जोडणे, ॲक्सल आणि पाटे बसवणे ही कामे उसाच्या ट्रॉल्यांच्या या जिल्ह्यात नवीन नाहीत. खाद्यगाडी टाकू पाहणाऱ्या तरुणाला किंवा केटररला म्हणूनच हा प्रकार सोपा वाटतो. पैसे बुडतात ते वेल्डिंगमध्ये नव्हे. ते बुडतात जाळाच्या ओढीत, चाकांवरच्या वजनात आणि आरटीओच्या कागदांत.

स्मोकर म्हणजे नेमके काय?

तंदूर किंवा शेगडीवर मांस थेट निखाऱ्याच्या आचेवर भाजते. स्मोकरमध्ये जाळ बाजूच्या पेटीत असतो. तिथली उष्णता आणि धूर मांसाच्या खोलीतून फिरून धुराड्यातून बाहेर पडतात. खोलीचे तापमान साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअस राखायचे आणि तेही कित्येक तास. या मंद आचेत चिवट मांसातले कोलॅजन विरघळून जिलेटिन होते आणि मांस मऊ पडते. जाळ बाजूला असल्याने चरबी निखाऱ्यावर ठिबकत नाही, हा आणखी एक फायदा. ठिबकणाऱ्या चरबीच्या धुरात बेन्झोपायरिनसारखी कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात.

ही रचना कोल्हापूरकराला ओळखीची वाटली पाहिजे. गुऱ्हाळाच्या चुलवाणात तेच घडते. तोंडाशी चिपाडे जळतात, आच काहिलीखालून पुढे सरकते आणि पलीकडचे धुराडे तिला ओढून घेते. चुलवाणात जाळ घालणारा माणूस एकदम ढीग लोटत नाही, थोडे थोडे घालतो. एकदम घातले की धूर काळा होतो आणि आच पडते. स्मोकरचेही तसेच आहे. धुराड्यातून पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर निघत असेल तर लाकूड नीट जळते आहे. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नुसतेच धुमसते आहे. त्याचा कडवटपणा मांसावर बसतो. व्हिडीओत धुराचे लोट छान दिसतात, खाणाऱ्याला ते नको असतात.

माप आणि पत्रा

६० सेंटिमीटर व्यासाचे आणि दीड मीटर लांबीचे पिंप घेतले तर आत सुमारे ४२५ लिटर जागा मिळते. बनवणाऱ्यांचा ठोकताळा असा, की जाळाची पेटी याच्या एक तृतीयांश असावी. म्हणजे साधारण ५० सेंटिमीटरची चौकोनी पेटी पुरते. पेटीला खाली हवेची झडप लागते आणि धुराड्यालाही एक झडप हवी. आच कमी-जास्त करायची ती पेटीच्या झडपेवर. धुराड्याची झडप बहुतेक वेळ उघडीच ठेवायची, नाहीतर धूर आत कोंडतो.

बाजारात मिळणारे २०० लिटरचे पिंप स्वस्त पडते, पण त्याचा पत्रा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचा असतो. झुळूक आली की आच खाली जाते, लाकूड टाकले की झपकन चढते. पिंपासाठी ५ आणि पेटीसाठी ६ मिलिमीटरची प्लेट घेतली तर आच स्थिर राहते. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप इथे वापरू नये. वेल्डिंग करताना त्याच्या धुराने कारागिराला ताप भरतो, आणि जाळाच्या पेटीत तो मुलामा टिकतही नाही.

एक बारकावा अनुभवी माणूसच सांगतो. गोल पिंपातून दार कापून काढले की लोखंडातला ताण सुटतो, दार वाकडे होते आणि पुन्हा जागेवर बसत नाही. म्हणून दाराची एक बाजू कापायची, बिजागऱ्या तिथेच वेल्ड करायच्या आणि मग उरलेला काप पुरा करायचा.

भंगारातले पिंप हा यातला सर्वात धोक्याचा भाग. त्यात आधी काय होते हे ठाऊक नसेल तर घेऊच नये. थिनर किंवा तेलाची वाफ उरलेल्या पिंपाला गॅस कटर लावला की स्फोट होऊ शकतो, आणि रसायनाचा अंश राहिला तर तो थेट खाण्यात जातो. अमेरिकेत जुन्या प्रोपेन टाक्या कापून स्मोकर बनवतात. ते पाहून इथे घरगुती गॅसचा सिलिंडर कापायला निघणे वेडेपणाचे आहे. सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो. ग्राहक फक्त अनामत भरतो.

लाकूड कोणते?

टेक्सासमध्ये मेस्किट हे लाकूड प्रसिद्ध आहे. आपल्या माळावर माजलेली वेडी बाभूळ ही त्याच कुळातली, प्रोसोपिस वंशातली. आंबा, पेरू, जांभूळ यांचे वाळलेले लाकूडही चालते. पॅकिंगच्या खोक्यांचे चीड, रंग दिलेली जुनी चौकट आणि कण्हेर मात्र कटाक्षाने टाळायचे. कण्हेर विषारी आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड वाळलेले ठेवणे हेच निम्मे काम.

मग रस्त्यावर अडते कुठे?

५ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर प्लेटचे वजन ३९ किलो भरते. त्या हिशेबाने वरच्या मापाचे नुसते पिंप १३० किलोच्या पुढे जाते आणि पेटी आणखी ७० किलोची. जाळ्या, सांगाडा, ॲक्सल, चाके, लाकूड धरले की आकडा चारशेच्या आसपास पोहोचतो. दोन चाकी ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर पडायला हवा. जड पेटी मागच्या टोकाला आली आणि ॲक्सल नेमका मध्यावर बसवला, तर हूक हलका पडतो आणि वेगात ट्रेलर मागून डोलू लागतो. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या उतारावर ब्रेक नसलेले चारशे किलो लोखंड ओढणाऱ्या गाडीलाच ढकलते.

कायदा याहून कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येतच ट्रेलरला मोटार वाहन म्हटले आहे. त्याला इंजिन नाही, पण नोंदणी लागते आणि तृतीय पक्ष विमाही. नोंदणीसाठी वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासलेला असावा लागतो. एकच ट्रेलर बनवणाऱ्याला हा खर्च परवडणे कठीण. जुन्या टेम्पोवर स्मोकर कायमचा वेल्ड करण्याची पळवाटही बंद आहे: कलम ५२ प्रमाणे वाहनात असा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंड एकवेळ भरता येईल. हूक निसटून ट्रेलर दुचाकीस्वाराला धडकला आणि विमा नसला, तर भरपाई मालकालाच द्यावी लागेल.

त्यामुळे धंदा करायचाच असेल तर ट्रेलरचा हट्ट सोडलेला बरा. स्मोकरला पाय लावायचे, जाळाची पेटी नटबोल्टने जोडायची, म्हणजे दोन्ही भाग वेगळे उचलता येतात. पिकअपमध्ये माल म्हणून ते चढवायचे, दोरखंडाने आवळायचे आणि कार्यक्रमाच्या जागी उतरवायचे. निखारे पूर्ण विझल्याशिवाय परत चढवायचे नाहीत. अन्न सुरक्षा कायदा, २००६ खालची नोंदणी तरीही लागतेच, आणि रस्त्याकडेला उभे राहायचे तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे महापालिकेचे प्रमाणपत्रही.

मेनूचाही विचार वेगळा करावा लागतो. महाराष्ट्रात गाय-बैलाच्या हत्येवर बंदी असल्याने अमेरिकी ब्रिस्केट इथे जसेच्या तसे येणार नाही. बोकडाचे मांस कमी चरबीचे, उघडे ठेवले तर कोरडे पडते. खांदा किंवा मांडी आधी धुरात ठेवून नंतर झाकलेल्या भांड्यात रश्शासह शिजवली तर ती मऊ राहते. चिकन आतून ७४ अंशांपर्यंत गेलेच पाहिजे, आणि शिजलेले मांस वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवायचे. दाराच्या वर लावलेला तापमापक यात फसवतो, कारण तिथली हवा जाळीपेक्षा गरम असते. तो जाळीच्या उंचीला बसवायचा आणि पहिले दोन-तीन जाळ मांसाविना काढायचे: आतून तेलाचा हात फिरवून, कुठून धूर गळतो ते पाहत.