आधी बी, मग सेल्फी

पाच जून आला की जवळपास प्रत्येक कॉलेजमध्ये एक ठरलेला सोहळा होतो. खड्डे आदल्या दिवशीच खणलेले असतात, सकाळी टेम्पोतून रोपं येतात, मग पाहुणे येतात आणि एकाच रोपाला सात जण हात लावून कॅमेऱ्याकडे बघतात. संध्याकाळपर्यंत स्टोरी पडते. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप! हा जोक इतका जुना झालाय की आता त्यावर कुणी हसतही नाही.

पण त्या टेम्पोत कोणती रोपं होती, हे सहसा कुणी विचारत नाही. बऱ्याचदा उत्तर असतं, नर्सरीत होती ती. म्हणजे दिसायला छान, लवकर वाढणारी आणि गुरं तोंड लावणार नाहीत अशी. आपल्या कॅम्पसमधला गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. पुण्याच्या टेकड्यांवर जिकडेतिकडे दिसणारं गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, तीही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. टेकड्या झटपट हिरव्या दिसाव्यात म्हणून ती लावली गेली. दुसरीकडे तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फुलांनी लगडलेलं ते झाड वर्गातले किती जण ओळखतील?

गुलमोहराशी कुणाचं भांडण नाही. तो सावली देतो, उन्हाळ्यात डोळ्यांना सुखावतो. असलेली मोठी झाडं तोडा, असं तर कुणीच म्हणू नये. मुद्दा नव्याने लावायच्या झाडांचा आहे. आणि तिथे कॉलेजच्या पोरापोरींचा एक ग्रुप मोठा फरक पाडू शकतो.

अळीचा मेन्यू

देशी झाडंच का, याचं उत्तर फुलपाखराकडे बघितलं की लगेच कळतं. फुलपाखरू मध कुठल्याही फुलातला पितं. घाणेरीची फुलंही त्याला चालतात आणि घाणेरी तर बाहेरून येऊन सगळीकडे पसरलेलं झुडूप. पण अंडी घालायची वेळ आली की नखरे सुरू होतात, कारण अळी ठरावीक झाडाचीच पानं खाते. प्लेन टायगरला रुई लागते. कॉमन एमिग्रंटला बहावा चालतो. कॉमन जेझेबेल अंडी घालतं ते आपण नावं ठेवतो त्या बांडगुळावर. ब्लू मॉरमॉन हे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे (राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य). त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातली झाडं हवीत.

अळ्या नसतील तर फुलपाखरं नाहीत, एवढ्यावर हे थांबत नाही. मोठेपणी फळं किंवा मध खाणारे कितीतरी पक्षी पिल्लांना मात्र अळ्या आणि किडेच भरवतात. म्हणजे ज्या झाडाचं पान कुणीच कुरतडत नाही, ते आपल्याला तजेलदार दिसतं, पण पक्ष्यांच्या दृष्टीने ते बंद पडलेलं कँटीन असतं.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर ठाण्यात घोडबंदर रोडवर ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे. एका क्रीडाशिक्षकाने आपल्या घरच्या साधारण दोन एकर जमिनीवर अळ्यांना लागणारी आणि मध देणारी झाडंझुडपं लावली. ना जाळी, ना पिंजरा. झाडं आली तशी फुलपाखरं स्वतःहून आली आणि आज तिथे शंभराहून जास्त जातींची नोंद आहे. जागा खराब आहे, ही सबबही फारशी टिकत नाही. धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, म्हणजे ३७ एकरांची ती हिरवी जागा, एकेकाळी मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होती. उद्यान म्हणून ती १९९४ मध्ये खुली झाली.

गाडी अडते कुठे?

समजा, तुमच्या एनएसएस युनिटने ठरवलं की यंदा फक्त देशी झाडं लावायची. मग तुम्ही जूनमध्ये नर्सरी गाठता आणि यादी वाचता : मुरुडशेंग, भारंगी, धायटी, आपटा, मोह. नर्सरीवाले काका म्हणतात, ‘मागणीच नाही हो, ठेवून काय करू?’ शेवटी पुन्हा शोभेची रोपं घेऊन टेम्पो कॅम्पसवर.

खरी मेख इथे आहे. झाडांचं कॅलेंडर आणि कॉलेजचं कॅलेंडर जुळतच नाही. आपल्याकडच्या कितीतरी झाडांच्या शेंगा आणि फळं पिकतात मार्च ते जूनमध्ये. नेमकी तेव्हा आपली परीक्षा असते, मग सुट्टी. आपण जागे होतो जूनमध्ये. तोपर्यंत कडुनिंबाची लिंबोळी आणि जांभळाची बी सोडली तर बहुतेक बिया वाऱ्याने, गुरांनी किंवा झाडूने नेलेल्या असतात. मग विकत घेण्याशिवाय पर्याय उरत नाही आणि विकत घ्यायचं तर नर्सरीत असेल तेच घ्यावं लागतं.

म्हणून देशी बाग करायची तर सुरुवात रोपापासून नाही, बीपासून करावी लागते. बी गोळा करायला पैसे लागत नाहीत. लागतात ते खूप डोळे, खूप हात आणि वर्षभराचा धीर. यातलं पहिलं आणि दुसरं कॉलेजकडे भरपूर आहे. एनएसएसमध्ये तर प्रत्येकाला वर्षाला १२० तास द्यायचेच असतात. त्यातला एक दिवस लागवडीला आणि बाकीचे तास बियांना, असं गणित का मांडू नये?

ग्रुपने करायची चार कामं

पहिलं काम, चालणं. महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तास कॅम्पस आणि आसपासचे रस्ते फिरायचे. सोबत बॉटनीचे सर किंवा मॅडम असतील तर उत्तमच. प्रा. श्री. द. महाजनांचं ‘देशी वृक्ष’ हे पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत शोधा. झाड ओळखता आलं नाही तर आयनॅचरलिस्ट अ‍ॅपवर फोटो टाका. पण अ‍ॅपचं पहिलं उत्तर लगेच खरं मानू नका, पान, खोड, फूल आणि फळ पडताळून बघा. आपट्याच्या नावाखाली दसऱ्याला कांचनाची पानं सर्रास विकली जातात, आणि सोसायट्यांच्या गेटवर सरळसोट उभा असतो तो ‘अशोक’ म्हणजे सीतेचा अशोक नव्हे. प्रत्येक चांगल्या झाडाला नंबर द्या, जागा लिहून ठेवा. हे तुमचे ‘आईवृक्ष’. सीझनवॉच या उपक्रमात देशभरातले विद्यार्थी आपापल्या झाडाला पालवी, फूल, फळ कधी येतं ते नोंदवतात. तसं केलंत तर पुढच्या वर्षी बी कधी पिकणार, हे तुम्हाला आधीच कळेल.

दुसरं, बी गोळा करणं. हे सुट्टीतलं काम, आणि इथे हॉस्टेलवाले हिरो आहेत. मे महिन्यात घरी जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावातल्या दोन-तीन झाडांच्या बिया आणायच्या. कुठलं झाड कुठे आहे, हे आजीला, गुराख्याला किंवा शेतातल्या काकांना विचारा. जी माहिती गुगलवर मिळत नाही ती तिथे मिळते. बी कागदी पाकिटात ठेवायची आणि वर झाडाचं नाव, गाव, तालुका, तारीख लिहायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर बी कुजते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. देवराईत गावकऱ्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि कुठल्याही झाडाखालची सगळीच्या सगळी बी उचलायची नाही. तिच्यावर इतरांचंही पोट आहे.

तिसरं काम रोपवाटिकेचं. कॅम्पसचा एक अर्धवट सावलीचा कोपरा, नळ आणि धुतलेल्या दुधाच्या पिशव्या एवढ्यावर ती सुरू होते. पिशवीला खाली चार भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. बी तिच्या जाडीच्या साधारण दुप्पट खोल पेरा. बहाव्याची बी कडक असते, तिला एका बाजूने पॉलिश पेपरवर थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवा, नाहीतर ती महिनोन्‌महिने ढिम्म बसते. पळस आणि करंजाचं तसं नाही, ताजी बी असेल तर सरळ पेरायची. जांभूळ, कडुनिंब, मोह यांची बी फार दिवस टिकत नाही, ती आठवड्याभरात मातीत गेली पाहिजे. माळीकाकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. त्यांना न विचारता केलेली रोपवाटिका एका सुट्टीत साफ होते.

चौथं काम म्हणजे अदलाबदल. एका कॉलेजकडे करंजाची दोनशे रोपं झाली आणि दुसऱ्याकडे आपट्याची, तर दोघांनी शंभर-शंभर बदलायची. सोसायटीतल्या लोकांनाही बोलवा. ज्यांच्याकडे फक्त बाल्कनी आहे त्यांना अडुळसा, कोरांटी, कढीपत्ता, लिंबू द्या. मात्र रोपासोबत एक चिठ्ठी जरूर द्या : ‘कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आली तर मारू नका, ते फुलपाखरू आहे.’

देशी म्हणजे कुठलं?

इथे एक फसवणूक होऊ शकते. ‘देशी’ म्हणजे भारतातलं काहीही कुठेही, असं नाही. कोकणातल्या ओल्या जंगलातलं झाड सोलापूरच्या माळावर लावलं, तर त्याला तेही परकंच. म्हणून तर पाकिटावर तालुका लिहायचा. शक्यतो आपल्याच भागातली बी आपल्याच भागात लावायची. साताऱ्याच्या मित्राने आणलेली बी साताऱ्याकडच्या लागवडीसाठी वेगळी वाढवा आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्याच गावी पाठवा.

दुसरं म्हणजे, प्रत्येक मोकळी जागा झाडांची वाट बघत नसते. कासच्या पठारासारख्या सड्यांवर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि त्या पातळ मातीतच पावसाळ्यात ती सगळी फुलं येतात. तिथे खड्डा खणणं म्हणजे बाग लावणं नव्हे, असलेली बाग मोडणं. माळरानावर गवत असतं, गवतात घरटी करणारे पक्षी असतात. आपल्याला जे ‘उजाड’ दिसतं ते अनेकदा भरलेलं घर असतं. म्हणून डोंगरावर बीजगोळे उधळायला जाण्याआधी तिथे आत्ता काय उगवतंय, हे एक पूर्ण पावसाळा बघा. कॅम्पसची भिंत, पार्किंगची कड, हॉस्टेलचं मागचं अंगण, सोसायटीची बाग, या जागा आपल्यासाठी जास्त योग्य आहेत. तिथे फक्त उंच झाडंही नकोत. धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी, भारंगी, करवंद अशी झुडपं लावा. ती लवकर फुलतात आणि पक्ष्यांना, फुलपाखरांना खालच्या मजल्यावर जागा मिळते.

मे महिन्यात पाणी कोण घालणार?

सगळ्या वृक्षारोपणांचा निकाल जूनमध्ये नाही, पुढच्या मेमध्ये लागतो. राज्य सरकारच्या मोहिमेचं लक्ष्य २०१६ मध्ये दोन कोटी झाडांचं होतं, २०१९ पर्यंत ते ३३ कोटींवर गेलं. लावलेल्या झाडांचे आकडे मोठे होतात. जगलेल्या झाडांचा हिशोब मात्र आपापल्या आवारात आपल्यालाच ठेवावा लागतो.

त्यासाठी साधा नियम : जेवढ्या रोपांना उन्हाळ्यात पाणी घालायला माणसं आहेत, तेवढीच लावायची. वीस जणांच्या ग्रुपने चाळीस रोपं लावली तरी पुष्कळ झाली. बी पेरल्यावर रोप एक वर्ष रोपवाटिकेतच वाढू द्या, मग पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत लावा. त्यानंतरचे दोन-तीन उन्हाळे पाण्याची पाळी लावा आणि त्या पाळीत शहरात राहणारे, माळीकाका, शेजारच्या सोसायटीतले आजी-आजोबा यांची नावं असू द्या. सगळेच जण मेमध्ये गावी जाणार असतील, तर ते उपक्रमाचं नाही, फोटोचंच प्लॅनिंग झालं.

बियांचं ढोबळ कॅलेंडर (नोटीस बोर्डावर लावा)

डिसेंबर-जानेवारी : तामणाची सुकलेली फळं. बी पातळ आणि पंखाची, जपून काढा.
फेब्रुवारी-मार्च : बहाव्याच्या काळ्या लांब शेंगा, आपट्याच्या शेंगा.
एप्रिल-मे : काटेसावरीचा कापूस उडायच्या आत, करंजाच्या शेंगा.
मे-जून : पळसाच्या चपट्या शेंगा. प्रत्येक शेंगेत एकच बी असते, टोकाला.
जून-जुलै : जांभूळ, लिंबोळ्या, मोह. गोळा केलं की लगेच पेरा.
(पाऊस आणि जागा यांनुसार दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होणारच.)

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. बीपासून वाढवलेल्या बहाव्याला फूल यायला बरीच वर्षं लागतात. तोपर्यंत तुमची डिग्री संपलेली असेल, कदाचित शहरही बदललेलं असेल. त्यामुळे या कामातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू रोप नाही, फावडं नाही, ती आहे एक साधी वही. कुठलं झाड कुठे आहे, त्याची बी कधी पिकली, किती पेरल्या, किती उगवल्या, किती मेल्या आणि का, हे सगळं त्यात लिहायचं. थर्ड इयरच्या शेवटच्या पेपरनंतर ती वही एफवायच्या कुणाच्या तरी हातात द्यायची आणि त्याला किंवा तिला झाड नंबर एकपाशी नेऊन उभं करायचं. पुढच्या मेमध्ये पाणी कोण घालणार, हे तिथेच ठरवून टाका.