पत्र्याखाली गढुळलेली बाटली

तिसगावच्या एका शेतकरी वाचकाने विचारलं आहे : ‘फवारणीचं औषध दुकानातून आणलं तेव्हा पाण्यासारखं नितळ होतं. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत पाहिलं तर पांढुरकं, गढूळ. पहाटे पुन्हा नितळ. भेसळ आहे का?’ बाटलीवर ‘एमई’ छापलंय, हेही त्यांनी कळवलं आणि माझं निम्मं काम झालं.

एमई म्हणजे मायक्रोइमल्शन. नेहमीचं ‘ईसी’ औषध पंपात ओतलं की पाणी दुधाळ होतं. त्यातले तेलकट थेंब मायक्रॉनच्या घरातले असतात, ते प्रकाश विखुरतात. पंप नुसता ठेवून दिला तर उशिरा का होईना, तेल वेगळं होतं. मायक्रोइमल्शनमधले थेंब साधारण १० ते १०० नॅनोमीटरचे, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान. म्हणून द्रव पारदर्शक दिसतो. शिवाय ते घुसळून बळेबळे जमवलेलं नसतं. आपसूक जमतं आणि टिकतं. फक्त तापमान मानवायला हवं. गोम इथेच आहे.

तेल-पाण्याचं जमवून देणाऱ्या सर्फॅक्टंटचं एक टोक तेलाच्या ओढीचं, दुसरं पाण्याच्या. नॉनआयोनिक, म्हणजे विद्युतभार नसलेल्या प्रकारात पाण्याकडचं टोक म्हणजे बहुधा इथिलीन ऑक्साइडची साखळी. (बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो, याचा होत नाही, फवारणीच्या औषधांत याला मागणी आहे ती त्यामुळेही.) साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, या साखळीचं मात्र उलटं. थंड असताना ती पाण्याचे रेणू अंगाला चिकटवून फुगलेली असते. तापली की ते सुटतात आणि ती आक्रसते.

आता उन्हात घातलेला पापड आठवा. वरची बाजू आधी वाळते, आक्रसते आणि कडा वर उचलल्या जातात. तेल आणि पाणी यांच्यामधला सर्फॅक्टंटचा पापुद्रा अगदी असाच वळतो. थंडीत पाण्याकडची बाजू फुगलेली, त्यामुळे तो तेलाभोवती वळतो : पाण्यात तेलाचे थेंब. तापल्यावर तीच बाजू आक्रसते आणि पापुद्रा उलटा वळून पाण्यालाच कवेत घेतो : तेलात पाण्याचे थेंब. मधल्या कुठल्यातरी तापमानाला पापड धड इकडे नाही, धड तिकडे नाही! तिथे थेंबच उरत नाहीत. तेल आणि पाणी दोन्ही सलग, एकमेकांत गुंतलेले. पाणी, ऑक्टेन आणि सी-१२-ई-५ नावाचं सर्फॅक्टंट यांच्या मिश्रणात ही वेळ सुमारे ३२ अंश सेल्सिअसला येते. सर्फॅक्टंट कमी असेल तर परीक्षानळीत तीन थर दिसतात : खाली पाणी, वर तेल, मध्ये मायक्रोइमल्शन. नळी पाच-सहा अंश तापवा किंवा थंड करा, थर पुन्हा दोनच.

तेव्हा वाचकाच्या बाटलीत पत्र्याखालच्या उकाड्याने त्या औषधाला मानवणाऱ्या तापमानाची मर्यादा ओलांडली असणार. नुसत्या गढूळपणावरून भेसळ सिद्ध होत नाही. शुद्धताही होत नाही. मात्र थर सुटलेल्या बाटलीतून माप घेतलं तर एका पंपात औषध जास्त जाईल, दुसऱ्यात कमी. सावलीत निवू द्या, पूर्ण नितळ झाल्यावर हलवून वापरा. निवूनही थर राहिले तर दुकानदाराला परत करा.

या विषयाच्या इतिहासात मान मिळतो तो केंब्रिजच्या होर आणि शुलमन यांच्या १९४३च्या टिपणाला, मग १९४८मध्ये थरांची वर्गवारी करणाऱ्या विन्सरला. मिळायलाच हवा. पण गढुळण्याचं तापमान आणि इमल्शन उलटण्याचं तापमान यांचं नातं १९६४मध्ये दाखवलं ते जपानच्या कोझो शिनोदा आणि त्यांचे सहकारी अराई यांनी. मायक्रोइमल्शनला इमल्शन न मानता फुगलेल्या मायसेलींचं (सर्फॅक्टंटच्या रेणूंच्या पुंजक्यांचं) द्रावण माना, असंही शिनोदा सांगत राहिले. पत्र्याखालच्या बाटलीचं कोडं सोडवायला मला तरी शुलमनपेक्षा शिनोदाच जास्त उपयोगी पडतात, आणि नेमकं त्यांचंच नाव आपल्याकडे क्वचित ऐकू येतं.

ऐकू येतं ते ‘नॅनो’. नॅनोइमल्शनचे थेंबही बारीकच असतात, पण बहुधा यंत्राचा जोर लावून किंवा इतर युक्तीने केलेले. आज ना उद्या ते एकमेकांत मिसळतातच. त्यामुळे कुणी ‘नॅनो’ म्हणून चढ्या भावाची बाटली पुढे केली, तर थेंब किती बारीक हे नंतर विचारा. आधी विचारा, किती अंशांपासून किती अंशांपर्यंत ती नितळ राहते, आणि ते लेबलावर कुठे छापलंय.