भिंतीवरची नावं : लेखांक ७ – डबे धुतले कोणी?

आजचा रविवार मी 'फुटक्या खिडकी'साठी राखून ठेवला होता. मार्च १९८२ च्या 'अटलांटिक मंथली'तल्या, छोटी बेशिस्त खपवून घेतली की मोठे गुन्हे मागोमाग येतात असं सांगणाऱ्या त्या लेखावरची टिपणं काढून ठेवली होती, सुरुवातही लिहून झाली होती. मंगळवारी एक पोस्टकार्ड आलं आणि ती सुरुवात बाजूला ठेवली.

पत्र लिहिणारे गृहस्थ मुंबईच्या एका कारशेडमधून निवृत्त झालेले आहेत. मजकूर चार ओळींचा. न्यूयॉर्कभर आपलं नाव लिहीत सुटलेला टाकी १८३ झाला, त्याच्या मागची भुयारी रेल्वेचे डबे रंगवणारी पोरं झाली, महापौर झाले, कुंपणं आणि कुत्री झाली. पण गाड्या अखेर स्वच्छ झाल्या असं तुम्ही म्हणता, तर डबे धुतले कोणी? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगले तेव्हा काय केलं?

हा प्रश्न कारशेडमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसालाच सुचतो. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवर लिहिणाऱ्यांनी रंगवणारे हात फार प्रेमाने टिपले, पकडणारे हातही टिपले. धुणारे हात मात्र चौकटीच्या बाहेरच राहिले. माझ्याही मागच्या सहा लेखांकांत ते नाहीत. म्हणून खिडकी पुढच्या रविवारी.

धुण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. लिंडसे महापौर असताना, १९७३ मध्ये, सगळा ताफाच नव्याने रंगवून काढला. हजारो डबे, एकदाच, एका दमात. झालं असं की तोवर एकमेकांवर चढलेल्या नावांची गर्दी एका फटक्यात पुसली गेली आणि मुलांना कोरी पाटी मिळाली. खिडक्यांखालून डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या मोठ्या चित्रांना त्या कोऱ्या पत्र्याने जागाच करून दिली.

मग १९७७ मध्ये कोनी आयलंडच्या यार्डात रसायनाने धुण्याची सोय झाली. मुलं तिला 'द बफ' म्हणायची. जहाल द्रावणाचे फवारे, मग घासणारे ब्रश. रंग नीट निघायचा नाही, फिसकटायचा. डबा धुऊन बाहेर यायचा तो करड्या-तपकिरी डागांनी माखलेला. शिवाय त्या वाफांचा त्रास होतो अशा तक्रारी कामगारांकडून आणि शेजारपाजारच्या वस्तीतून यायला लागल्या. धुतलेला डबा रंगवलेल्या डब्यापेक्षा ओंगळ दिसू लागला, तेव्हा प्रवाशाला त्या धुण्याचं काय सुख?

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पत्रलेखकांना यार्डाचं चित्र नीट दिसेल. आपल्या लोकल रात्री दोन-तीन तास तरी विसावतात. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे रात्रभर चालते. सगळ्या गाड्या एकदम आत घेऊन, दार लावून, निवांत धुता येतील अशी वेळच तिथे नाही. उलट गर्दी ओसरली की जादा गाड्या जागा मिळेल तिथे उभ्या राहायच्या. यार्डात, तसंच दोन रुळांच्या मधल्या मोकळ्या मार्गावरही. मुलं याच गाड्यांपाशी पोचायची. आणि सकाळी गर्दीच्या वेळेला डबे कमी पडायचे, म्हणून ओल्या रंगासकट त्या गाड्या प्रवाशांना घेऊन निघायच्या.

फेब्रुवारी १९८४ मध्ये भुयारी रेल्वे चालवणाऱ्या ट्रान्झिट ऑथॉरिटीच्या प्रमुखपदावर डेव्हिड गन आले. फिलाडेल्फियाहून आलेला पक्का रेल्वेवाला माणूस. आले तेव्हा गाड्या रुळावरून घसरत होत्या, आगी लागत होत्या. त्या दशकाच्या सुरुवातीला सरासरी साधारण सात हजार मैलांमागे एक बिघाड, अशी ताफ्याची प्रकृती होती. अनेकांनी त्यांना सांगितलं की रंगाचं काय घेऊन बसलात, आधी रूळ आणि मोटारी बघा. गन यांनी रूळ आणि मोटारी बघितल्याच. पण रंगाचा प्रश्न त्यांनी त्याच कामाचा भाग मानला. डबा रंगलेला दिसतो याचा अर्थ त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही, आणि लक्ष नसलेल्या डब्याचा ब्रेकही तसाच असणार, असा तो विचार. मला तो आजही बिनतोड वाटतो.

त्यांनी आणलेल्या 'क्लीन कार प्रोग्रॅम'चा नियम एका वाक्यात सांगता येतो. एकदा स्वच्छ म्हणून नोंदलेली गाडी पुन्हा नाव अंगावर घेऊन प्रवाशांसमोर येणार नाही. सगळा ताफा एकदम नाही. काही ठरावीक गाड्या घ्यायच्या, त्या स्वच्छ करायच्या, राखायच्या, मग पुढच्या घ्यायच्या. स्वच्छ डबे मळक्या डब्यांत मिसळायचे नाहीत. गाडी शेवटच्या स्टेशनात आली की परत फिरायच्या आधी सफाई कामगार फडकी आणि द्रावण घेऊन तयार. फेरीच्या त्या वेळात निघालं तर ठीक. नाही निघालं तर रेक लाइनीवरून काढून घ्यायचा.

शेवटचं वाक्य पत्रलेखकांनी दोनदा वाचलं असेल. ऐन गर्दीच्या वेळी, चालू स्थितीतला रेक, केवळ कुणीतरी त्यावर नाव लिहिलं म्हणून काढून घेणं! फलाटावर माणसं ताटकळणार, वर्तमानपत्रं झोडपणार, वरून फोन येणार. हे सगळं सोसायची तयारी ठेवून तो नियम पाळला गेला. माझ्या मते सगळी गोष्ट या सोसण्यात आहे.

कारण त्या मुलांची कमाई कोणती होती? चौथ्या लेखांकातला ब्रॉंक्समधला बाक आठवा. १४९ स्ट्रीट–ग्रँड काँकोर्स स्टेशनवर शाळा सुटल्यावर मुलं वह्या घेऊन बसायची आणि आपलं नाव कधी समोरून जातं याची वाट पाहायची. नाव धावलं पाहिजे, साऱ्या शहरातून फिरलं पाहिजे, 'ऑल सिटी' झालं पाहिजे. रात्रभर जागून, अंगावर धोका घेऊन रंगवलेलं चित्र एकदाही फलाटावर आलंच नाही, तर बाकावर बसून पाहायचं काय? तुरुंगाच्या भीतीने त्या मुलांचा हात थांबला नव्हता. भीती हा तर त्या खेळाचा अर्धा आनंद होता. फडक्याने मात्र तो थांबत गेला.

यात पोलीस नव्हतेच असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या स्वच्छ गाड्यांवर पोलीस असत, यार्डांची कुंपणं होतीच. पैसाही लागला. ट्रान्झिट ऑथॉरिटीच्या वरच्या एमटीए या संस्थेचे अध्यक्ष रिचर्ड रॅव्हिच यांच्या काळात, १९८२ मध्ये, अब्जावधी डॉलरचा पुनर्बांधणीचा कार्यक्रम उभा राहिला, तोही गन येण्याआधी. त्यातून स्टेनलेस स्टीलचे नवे डबे आले, कावासाकीचे आणि नंतर बाँबार्डियरचे. त्या पत्र्यावरून रंग लवकर निघतो. जुन्या डब्यांतल्या बऱ्याच डब्यांना गडद लाल रंग दिला. लोक त्यांना 'रेडबर्ड' म्हणायला लागले, आणि २००३ मध्ये ते लाल डबे निरोप घेऊन गेले तेव्हा प्रवासी हळहळले. एकेकाळी त्याच डब्यांत शिरायला माणसं कचरत होती.

१२ मे १९८९ ला नावं असलेली शेवटची गाडी सेवेतून काढली. पाच वर्षं लागली. मुलांपैकी काही कॅनव्हासकडे वळली, काही मालगाड्यांकडे. जे गेलं ते सगळंच घाण होतं असं मला म्हणता येत नाही. मार्था कूपर आणि हेन्री चाल्फंट यांनी १९८४ मध्ये 'सबवे आर्ट' हे पुस्तक काढून ते डबे फोटोत जपले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण रोज पहाटे कामावर जाणाऱ्या बाईला खिडकीतून बाहेर दिसावं, नकाशावरचं स्टेशनाचं नाव वाचता यावं, हा तिचा हक्क त्या चित्रांपेक्षा मोठा होता. इतकी वर्षं दोन्ही बाजू वाचून मी या मतावर आलो आहे.

आता तारखा शेजारी शेजारी मांडा. १९८९ च्या मे महिन्यात गाड्या स्वच्छ झाल्या. विल्यम ब्रॅटन भुयारी रेल्वेच्या पोलिसांचे प्रमुख झाले १९९० मध्ये. रुडी जुलियानी महापौर झाले जानेवारी १९९४ मध्ये. तरीही आपल्याकडच्या भाषणांत आणि अग्रलेखांत 'जुलियानींनी धरपकड करून रेल्वे स्वच्छ केली' हे वाक्य अजून सर्रास भेटतं. आणि दुसऱ्या बाजूचंही ऐका. गाड्या चकचकीत झाल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, न्यूयॉर्क शहरात २,२०० हून जास्त खून झाले, शहराच्या नोंदीतला तो उच्चांक. म्हणजे डबे धुतले की गुन्हे आपोआप पळतात, हेही खरं ठरत नाही. डबा स्वच्छ असावा तो डब्यात बसणाऱ्या माणसासाठी. त्याला दुसरं कारण लागत नाही.

आपल्या भाषेत दोन शब्द जवळजवळ राहतात : निगराणी आणि निगा. निगराणीत पाहणारा वेगळा आणि ज्याच्यावर नजर ठेवायची तो वेगळा. निगा राखणाऱ्याची नजर वस्तूवर असते, आणि हात तिच्या अंगाला लागलेला असतो. शहर ताब्यात आणायचं म्हटलं की आपण निगराणीच मागतो. कायदा करा, दंड वाढवा, कॅमेरे बसवा. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा १९९५ पासून आहे. पाहुणे येणार म्हटलं की रस्त्याकडेच्या भिंतींना एका रात्रीत रंगही लागतो, १९७३ च्या त्या डब्यांसारखा. पुढच्या महिन्यात त्याच भिंतीवर शिकवणीचे वर्ग आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. भिंतीला रंग देणारा आपल्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाणारा कोणी नेमलेला नाही.

माझं लहानपण ज्या इमारतीत गेलं, तिच्या जिन्याचा दुसऱ्या मजल्यावरचा कोपरा पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल असायचा. सूचना लावून झाली, देवाच्या तसबिरीची फरशी लावून झाली, एकदा पाळत ठेवून भांडणही झालं. मग झाडू मारायला एक मावशी आल्या. त्यांनी कुणालाही काही म्हटलं नाही. रोज सकाळी सातच्या आत तो कोपरा ओल्या फडक्याने पुसायचा, एवढाच नेम. पिचकारी रात्री पडायची, सकाळी नसायची. किती महिने हे चाललं ते आता सांगता येत नाही, पण एका दिवाळीत आम्ही पोरांनी त्या कोपऱ्यात पणती ठेवली, एवढं लख्ख आठवतं. मावशींचा पगार वाढवण्याचा विषय मात्र त्या वर्षीच्या सभेत निघाला नाही. आज त्याची लाज वाटते.

तर पत्रलेखक काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शेवटच्या स्टेशनात फडकं घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी डबे धुतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगले तेव्हा पुन्हा धुतले. न्यूयॉर्कच्या रेल्वेत त्यांना कार क्लीनर म्हणत. तुमच्या शेडमध्ये त्यांना काय म्हणत, पाळी किती वाजता सुरू होई, आणि गाडी फिरायच्या आत एक रेक किती जण पुसून काढत, हे मला सविस्तर कळवा. त्यासाठी या मालेत एक पूर्ण रविवार मी मोकळा ठेवतो.

खिडकी पुढच्या वेळी नक्की. तिच्यासोबत १९८३ च्या सप्टेंबरात फर्स्ट अव्हेन्यू स्टेशनवर पकडलेल्या मायकल स्टुअर्टकडेही जायचं आहे. पंचवीस वर्षांचा तो तरुण, भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पोलिसांच्या ताब्यात गेला आणि दोन आठवड्यांच्या आत मरण पावला. निगराणीचा हिशोब मांडताना त्याचं नाव गाळून पुढे जाता येणार नाही.